डॅलसमध्ये बसून भिवंडीसाठी पिकअप निवडताना: डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

आजचा विषय थोडा घरचा आहे, पण त्यातली आकडेमोड तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाची आहे.

मी सध्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस शहरात सॉफ्टवेअरचं काम करतो. घर भिवंडीत. बाबा गेली पंचवीस वर्षं पिकअप चालवतात. यंत्रमागावरून कापडाचे तागे उचलायचे आणि गोदामात टाकायचे. गोदामातून माल घेऊन ठाणे, मुलुंड, कधी नाशिक. हल्लीची गाडी २०१२ ची, डिझेलवरची. आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि दर वर्षी त्याआधी गॅरेजचा खर्च वाढत चाललाय. डिसेंबरमध्ये बाबांचा फोन आला. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे नऊ. म्हणाले, "आता ही गाडी ओढत नाही रे. नवीन बघायला लागेल. तू कॉम्प्युटरवाला आहेस, तू सांग कुठली घेऊ."

मी लगेच एक्सेल उघडलं. उत्तर मला आधीच माहीत होतं असं वाटत होतं: इलेक्ट्रिक. महिनाभराने आम्ही वेगळ्याच निर्णयावर आलो. तो कसा आणि का, हे या लेखात सांगतो. त्यात सरकारी धोरणाचा एक घोळही आहे, त्यावरही बोलू.

पिकअप म्हणजे नक्की काय?

माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सहा-सात पिकअप उभ्या असतात. पाच-साडेपाच मीटर लांब, पाच माणसांच्या गुबगुबीत सीट, आणि मागचा हौदा बहुतेक वेळा रिकामा. इथे पिकअप ही फॅमिली कार आहे. भारतात याच जातीची टोयोटा हायलक्स जानेवारी २०२२ मध्ये आली, पण ती हौसेची गाडी.

भिवंडीत पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसं आणि मागे पोटापाण्याचा धंदा. २००५ मध्ये टाटा एस आली आणि तिला सगळ्यांनी 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली. तिच्या वरच्या वर्गात बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त वगैरे. त्यामुळे इथल्या मित्रांचा सल्ला भिवंडीला लावता येत नाही. इथले एक सहकारी म्हणाले, "इलेक्ट्रिक पिकअप चालत नाही, फोर्डने बंद केली बघ." बातमी खरी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने एफ-१५० लाइटनिंगचं सध्याचं मॉडेल थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण ती गाडी महाग होती, अवजड होती आणि लांब अंतरावर ट्रेलर ओढताना तिची रेंज झपाट्याने उतरायची. अंजूर फाटा ते राहनाळ जाणाऱ्या टेम्पोशी त्याचा संबंध नाही. उलट शहरात थांबत-थांबत चालणारी छोटी मालगाडी हे इलेक्ट्रिकसाठी सगळ्यात सोयीचं काम. इंजिन तासन्‌तास नुसतं सुरू ठेवावं लागत नाही, आणि ब्रेक मारताना थोडी वीज परत बॅटरीत जाते.

बाजारात काय आहे?

दोन-तीन वर्षांत पर्याय खूप वाढलेत. थोडक्यात:

- टाटा एस प्रो, जून २०२५ मध्ये आली. ७५० किलो माल. सुरुवातीची किंमत पेट्रोलला ३.९९ लाख, सीएनजी-पेट्रोलला ४.९९ लाख, इलेक्ट्रिकला ६.५० लाख. इलेक्ट्रिकमध्ये १४.४ किलोवॅट-तास बॅटरी, कागदावर १५५ किलोमीटर.
- महिंद्रा झिओ, ऑक्टोबर २०२४. सुरुवात ७.५२ लाखांपासून, माल ७६५ किलोपर्यंत.
- टाटा एस ईव्ही १०००, मे २०२४. एक टन माल, कागदावर १६१ किलोमीटर.
- ऑयलर स्टॉर्म, सप्टेंबर २०२४. १,२५० किलो माल. जास्त रेंजवालं मॉडेल आलं तेव्हा १२.९९ लाखांना.

या सगळ्या आल्या तेव्हाच्या शोरूम किमती आहेत, आजचं कोटेशन वेगळं असू शकतं.

बाबांचा माल साधारण एक ते सव्वा टन. त्यामुळे पहिल्या दोन गाड्या बाद. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचं एकूण मान्य वजन म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन अधिक माल. वर कंटेनर किंवा जाड पत्र्याची बॉडी बांधून घेतली की ते वजन मालातून वजा होतं. सीएनजीच्या टाक्या, बॅटरी यांचंही तसंच. जाहिरातीतला 'एक टन' आणि बॉडी बांधल्यावर कायद्याने उरणारं वजन यात फरक पडतो. आणि ओव्हरलोडचा दंड आता २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एका चलनात महिन्याच्या हप्त्याहून जास्त पैसे जातात.

दुसरा आकडा ३,००० किलोचा. एकूण मान्य वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात तर लागतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना मात्र २०१८ पासून परमिटमधून सूट आहे. लायसनचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मिटवलाय: हलक्या वाहनाचं लायसन असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

कराचे दोन धक्के, एकमेकांच्या उलट

२०२५ मध्ये पिकअपच्या किमतीवर दोन मोठे निर्णय झाले. दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय जुन्या व्हिडिओंमधली तुलना वापरू नका.

पहिला केंद्राचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच आहे, तो तसाच राहिला. म्हणजे आज शोरूममध्ये ९ लाखांना मिळणारी डिझेल पिकअप जुन्या दराने सुमारे ९.७६ लाखांना पडली असती. डिझेलवाल्याचे ७६ हजार वाचले. इलेक्ट्रिकवाल्याला काहीच मिळालं नाही, आणि दोन गाड्यांमधला फरक तेवढ्याने वाढला.

दुसरा राज्याचा. १ जुलै २०२५ पासून ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागू झाला. ९ लाखांच्या गाडीवर ६३ हजार. इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याच्या धोरणानुसार मोटार वाहन करात सूट आहे.

केंद्राने डिझेलची किंमत खाली आणली आणि राज्याने जवळपास तेवढीच वर नेली. दोघांनी एकमेकांशी बोलून हे केलंय असं काही दिसत नाही.

एक्सेलमधला हिशोब

आता माझी आकडेमोड. यातले दर मी गोल करून धरलेत. तुमच्या पंपावरचे आणि तुमच्या गाडीच्या मायलेजचे आकडे टाकून बघा.

- डिझेल: ९० रुपये लिटर, भरलेल्या गाडीला शहरात १२ किलोमीटर. किलोमीटरला ७.५० रुपये.
- सीएनजी: ८० रुपये किलो, १४ किलोमीटर. किलोमीटरला ५.७० रुपये.
- इलेक्ट्रिक: चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.२२ युनिट. स्वतःच्या मीटरवर १० रुपये युनिट धरलं तर २.२० रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २० रुपये धरलं तर ४.४० रुपये.

वर्षाला २५ हजार किलोमीटर धरले तर डिझेल १ लाख ८७ हजार, सीएनजी १ लाख ४३ हजार, स्वतःच्या मीटरवर इलेक्ट्रिक ५५ हजार. डिझेलपेक्षा वर्षाला १ लाख ३२ हजारांची बचत.

आता खरेदीचा फरक. डिझेल ९ लाख, तेवढाच माल नेणारी इलेक्ट्रिक १३ लाख. फरक ४ लाख. त्यातून डिझेलवरचा ६३ हजार कर वजा. उरलेल्या ३ लाख ३७ हजारांच्या जादा कर्जावर ११ टक्क्यांनी चार वर्षांत साधारण ८१ हजार व्याज. एकूण फरक ४ लाख १८ हजार.

भागिले वार्षिक बचत, म्हणजे ३.२ वर्षं. त्यानंतर निव्वळ फायदा. शिवाय क्लच नाही, गियर नाही, ऑइल बदलायचं नाही. मी खूश झालो आणि फाइल बाबांना पाठवली.

बाबांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "पंचवीस हजार किलोमीटर कुठून आणलेस?"

वहीतला हिशोब

मीटरचा वार्षिक आकडा बरोबर होता. पण तो कसा तयार होतो हे मी विचारलंच नव्हतं. मग आम्ही ठरवलं की एक महिना बाबांनी वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: किती किलोमीटर झाले, सगळ्यात लांबची फेरी कुठली, आणि रात्री गाडी कुठे उभी होती. आई रोज रात्री त्या पानाचा फोटो पाठवायची.

महिनाअखेरीस चित्र असं दिसलं. २५ दिवस गाडी चालली. त्यातले २२ दिवस भिवंडी, ठाणे, कल्याण परिसरात, सरासरी ५८ किलोमीटर, कुठल्याच दिवशी ९० च्या वर नाही. उरलेले तीन दिवस नाशिक, जाऊन-येऊन आणि तिथे फिरून प्रत्येकी सुमारे २७५ किलोमीटर. मिळून महिन्याला २,१०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला २५ हजारच. एकूण आकडा तोच निघाला, पण त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग फक्त तीन दिवसांत झाला होता. आणि महिन्याचं सगळ्यात चांगलं भाडं त्याच तीन दिवसांचं होतं.

नाशिकला इलेक्ट्रिक जाईल का? थोडं विज्ञान बघू. कागदावरची रेंज ठरावीक चाचणीत मोजतात, त्यात कसारा घाट नसतो. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी, भरलेली गाडी, आणि २० टक्के शिल्लक ठेवायची म्हटलं तर मी १२० किलोमीटर धरतो. नाशिक एका बाजूने त्याहून लांब, वर भिवंडीपेक्षा साडेपाचशे मीटर उंच. तीन टन वजन एवढं वर चढवायलाच साडेचार युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा १५ टक्के भाग निव्वळ चढण्यात गेला. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, पण ते येताना. जाताना वाटेत चार्जिंग करावंच लागणार. अशक्य नाही, पण पोचायची वेळ पाळायची असेल तर जोखीम आहे.

ठीक आहे, नाशिक सोडलं तर? मग इलेक्ट्रिक गाडी वर्षाला १५,३०० किलोमीटर चालेल. हिशोब पुन्हा:

- स्वतःच्या मीटरवर चार्जिंग: वर्षाला ८१ हजार बचत, फरक भरून निघायला ५.२ वर्षं.
- बाहेरच्या चार्जरवर: वर्षाला ४७ हजार बचत, ८.८ वर्षं.

यात नाशिकचं बुडालेलं भाडं धरलेलंच नाही. तीन वर्षांचा हिशोब नऊ वर्षांपर्यंत गेला, आणि त्यासाठी गाडीत काहीच बदललं नाही. फक्त किलोमीटर कसे विभागलेत आणि वीज कुठून घेतली एवढ्यानेच.

खरा प्रश्न: सॉकेट कुठे आहे?

वहीतला तिसरा रकाना होता रात्री गाडी कुठे उभी असते. ३० पैकी ३० दिवस उत्तर एकच: गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जुनी इमारत, मीटर जिन्याखाली, पार्किंग नावाचा प्रकार नाही.

छोट्या ईव्हीला महागडा चार्जर लागत नाही, हे खरं. १६ अँपिअरच्या साध्या पॉइंटमधून ३.३ किलोवॅट मिळतात. ३० युनिटची बॅटरी शून्यापासून भरायला नऊ तास. बाबांना रोज ५८ किलोमीटर लागतात, म्हणजे साधारण १३ युनिट, चार तासांत काम झालं. पण तो एक पॉइंट गाडीच्या शेजारी हवा. तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर वायर सोडणं हा उपाय नाही. पावसात तर नाहीच.

बाबा ज्या गोदामात रोज जातात तिथे विचारलं. मालकांनी आधी हो म्हटलं, मग विमा आणि मंजूर वीजभाराचं कारण सांगून नको म्हणाले. त्यांना दोष देता येत नाही. कापडाच्या गोदामात रात्रभर दुसऱ्याची गाडी चार्जिंगला ठेवायची तर कोणीही दहा वेळा विचार करेल.

धोरणातली फट

इथे जरा मोठं चित्र बघू. भिवंडी हे देशातल्या मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक. मानकोली, वळ, काल्हेर, पडघा, जिकडे बघाल तिकडे शेड. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. मोठा ट्रक ७०१ किलोमीटर धावून इथे येणार आणि त्यातला माल पुढे शहरात छोटी पिकअपच नेणार. प्रदूषण कमी करायचं तर याच शेवटच्या टप्प्यावर इलेक्ट्रिक सगळ्यात जास्त उपयोगाची.

आता योजना बघा. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, १०,९०० कोटींची. त्यात दुचाकी आहेत, तीनचाकी आहेत, बस आहेत. जुलै २०२५ मध्ये ट्रकसाठी नियम आले, ते साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. साडेतीन टनांपर्यंतची चारचाकी मालगाडी, म्हणजे नेमकी पिकअप, मधल्या मध्ये राहिली.

राज्याचं ईव्ही धोरण मे २०२५ मध्ये आलं, मार्च २०३० पर्यंत लागू. त्यातली टोलमाफी गाजली: अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी. ती कार आणि बससाठी, मालवाहू गाड्यांसाठी नाही. धोरणात मालवाहू गाड्यांना खरेदीवर सवलत आहे, पण ती तुमच्या कोटेशनमध्ये लेखी दिसेपर्यंत हिशोबात धरू नका. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट आहे, नव्या इमारतींत चार्जिंगची सोय ठेवायची आहे. चांगलंच आहे. पण पिकअपवाला नव्या इमारतीत राहत नाही आणि महामार्गावर झोपत नाही. त्याची गाडी रात्री नाक्यावर किंवा गल्लीत उभी असते. तिथे ३.३ किलोवॅटचे पन्नास साधे पॉइंट आणि त्याला रखवालदार, एवढं जरी झालं तरी एका लाखाच्या सवलतीपेक्षा जास्त गाड्या बदलतील, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याच हिशोबात बघा: स्वतःचा पॉइंट आणि बाहेरचा चार्जर यात वर्षाला सुमारे ३४ हजारांचा फरक पडतो. तीन वर्षांत लाखाचा आकडा पार.

मग डिझेलच घ्यायची?

डिझेलच्या बाजूने बरंच काही आहे. मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर, जुनी विकायला गिऱ्हाईक तयार. पण दोन गोष्टी खटकल्या.

एक तांत्रिक. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ तापून, सलग चालावी लागते. रांजनोली ते कल्याण नाका अशी मेट्रोच्या कामातली रडतखडत फेरी रोज असेल तर फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, आणि गॅरेजची वारी होते. ज्यांची गाडी रोज हायवेला लागते त्यांना हा त्रास कमी.

दुसरी कायद्याची. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेत डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं. त्यानंतर त्याच महिन्यात राज्याने मुंबई महानगर प्रदेशासाठी सात जणांची समिती नेमली. प्रश्न असा की फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्यांना परवानगी देता येईल का. भिवंडी याच प्रदेशात येते. हे लिहितोय तोवर बंदी आलेली नाही, आणि घाबरून निर्णय घेऊ नका. पण जी गाडी दहा-बारा वर्षं वापरायची आहे तिच्या बाबतीत ही जोखीम हिशोबात धरावी लागते. उद्या नियम आला तर जुन्या डिझेलची किंमत सगळ्यात आधी पडेल.

सीएनजीलाही डाग आहे. पंपावरची रांग म्हणजे बुडालेली फेरी. १६ नोव्हेंबर २०२५ ला ट्रॉम्बेच्या आरसीएफ परिसरात गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्यातले कितीतरी पंप कोरडे पडले, पुरवठा पूर्ववत व्हायला दोन दिवस गेले. एकाच वाहिनीवर केवढं अवलंबून आहोत ते तेव्हा कळलं. म्हणून सीएनजी घेताना पेट्रोलची टाकी किती लिटरची आहे ते जरूर विचारा. छोट्या गाड्यांत ती पाच लिटरची असते, म्हणजे फक्त पंप गाठण्यापुरती.

जे एक्सेलमध्ये बसत नाही

इलेक्ट्रिकसाठी मी हट्ट धरला होता त्यामागे पैसा हे एकच कारण नव्हतं. बाबांचा डावा गुडघा दुखतो. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच किती वेळा दाबावा लागतो हे तिथे गाडी चालवलेल्याला सांगायला नको. वय सत्तावन्न. इलेक्ट्रिकमध्ये डावा पाय मोकळा.

म्हणून मी म्हटलं, "बाबा, नाशिक सोडून द्या. त्या तीन फेऱ्यांचे पैसे मी दर महिन्याला पाठवतो."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "मग गाडी तरी कशाला घेतोस? मी घरीच बसतो."

मी तो विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी गाडीतल्या ट्रॅकिंगचं सांगत होतो, की नव्या गाड्यांमध्ये सिम असतं, मला इथून अ‍ॅपवर गाडी कुठे आहे ते दिसेल. तेव्हाही तेच. "म्हणजे तू तिकडून माझ्यावर नजर ठेवणार?" माझ्या मनात काळजी होती, त्यांना पहारा वाटला. परदेशात राहून घरासाठी वस्तू निवडणाऱ्या सगळ्यांना सांगतो, पैसे तुमचे असले तरी धंदा त्यांचा आहे. लॉगिन त्यांच्या फोनवर राहील, आणि मला बघायचं असेल तर मी त्यांना विचारेन, असं ठरलं.

काय ठरलं?

सीएनजी. बाबा दोन शोरूममध्ये जाऊन आले, आमच्या मालाएवढं वजन टाकून चालवून बघितलं, फाळका उघडून हमालाला किती वाकावं लागतं तेसुद्धा बघितलं (हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं). डिझेलपेक्षा इंधनात वर्षाला ४४ हजारांच्या आसपास वाचतील, नाशिक सुटणार नाही, आणि बंदीची भीती कमी. नाशिकच्या फेऱ्यांना शेजारच्या काकांचा मुलगा चालवायला येणार, त्याची मजुरी देऊनही भाडं परवडतं. गुडघ्याचा प्रश्न २२ दिवस तसाच राहिला, हे मला अजून खुपतं. पण सॉकेट नसताना इलेक्ट्रिक घेऊन रोज रात्री चार्जर शोधत फिरणं हा त्यावरचा इलाज नव्हता.

तुम्ही बाहेर राहून घरासाठी गाडी घेत असाल तर एवढं करा:

- आधी एक महिना वही. सरासरीवर जाऊ नका, सगळ्यात लांबचा दिवस आणि रात्रीची जागा बघा.
- इलेक्ट्रिक घेणार असाल तर आधी पॉइंट, मग गाडी. दुसऱ्याच्या जागेत असेल तर परवानगी लेखी घ्या.
- गाडी जो चालवतो त्याच्याच नावावर घ्या. विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण स्वतः मालक असलेल्या चालकालाच लागू होतं. आरसी माझ्या नावावर आणि गाडी बाबा चालवतात, तर त्या संरक्षणात बाबा येत नाहीत.
- पैसे आईवडिलांच्या खात्यात भेट म्हणून पाठवले तर त्यांना त्यावर आयकर नाही, पण बँकेतली नोंद आणि साधं पत्र जपून ठेवा.
- कोटेशनमध्ये जीएसटी, ७ टक्के कर, विमा आणि बॉडी हे चार आकडे वेगळे मागा.

गाडी पुढच्या महिन्यात येईल. कर्ज चारच वर्षांचं घेतलंय. तोवर आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी एक चार्जिंग पॉइंट आला तर पुढची गाडी कुठली, यावर मला बाबांशी वाद घालावा लागणार नाही. तुमच्या नाक्यावर अशी सोय झाली असेल तर जरूर कळवा, कशी झाली तेही सांगा. मला खरंच हवंय ते.